पाचचा गजर आणि सव्वासातचा सूर्य

जानेवारीच्या मध्यावर पनवेलला सूर्य उगवतो तो जवळजवळ सव्वासातला. जूनच्या सुरुवातीला तोच सहाला हजर असतो. हा सव्वा तासाचा फरक आपल्या इतका अंगवळणी पडलेला असतो की कोणी तो बोलूनही दाखवत नाही. पण ‘उद्यापासून रोज पाचला उठायचं’ असा संकल्प 1 जानेवारीला सोडणाऱ्याने तो जरूर लक्षात घ्यावा. त्या दिवशी पाचला डोळे उघडले तर उजाडायला दोन तासांहून जास्त वेळ असतो. बाहेर मिट्ट काळोख, अंगावरची गोधडी सोडवत नाही, आणि घरातले बाकीचे सगळे गाढ झोपलेले. महिना संपायच्या आत बहुतेकांचा गजर गुपचूप साडेसहावर येतो आणि दोष इच्छाशक्तीच्या माथी मारला जातो. त्यातला निम्मा तरी दोष भूगोलाचा आहे.

भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून ठरते. ही रेषा जाते उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून. पनवेल आहे त्र्याहत्तर अंशांच्या थोडे पुढे. सूर्याला एक अंश ओलांडायला चार मिनिटे लागतात, म्हणजे आपल्याकडचा सूर्य आपल्याच घड्याळापेक्षा सुमारे 38 मिनिटे मागे चालतो. कोलकात्यात जानेवारीतही साडेसहाच्या आत सूर्य वर आलेला असतो; आपण तेव्हा अजून कूस बदलत असतो. मुंबईकरांना हे पूर्वी चांगले ठाऊक होते. 1906 मध्ये देशभर एकच प्रमाणवेळ आली, तरी मुंबईने तिच्यापेक्षा 39 मिनिटे मागे असलेली आपली ‘मुंबई वेळ’ 1955 पर्यंत हट्टाने जपली. आपले आजोबा-पणजोबा पहाटे पाचला उठत होते असे आपण अभिमानाने सांगतो तेव्हा ते कोणत्या घड्याळाचे पाच होते, हेही विचारायला हरकत नाही. मुंबई वेळेचे पाच म्हणजे आजचे पाच वाजून 39 मिनिटे.

रॉबिन शर्मांचे ‘द फाइव्ह ए. एम. क्लब’ 2018 मध्ये आले. त्याआधी 2012 मध्ये हॅल एलरॉड यांचे ‘द मिरॅकल मॉर्निंग’ आले होते. तेव्हापासून पहाट हा एक धंदाच झाला आहे. ही पुस्तके वाचून काही जणांचे भले झाले असेलही. माझी तक्रार एवढीच की शर्मांच्या क्लबातला पाचचा आकडा टोरांटोहून पनवेलपर्यंत आणि डिसेंबरपासून जूनपर्यंत एकच राहतो. आपल्याकडचा जुना हिशेब यापेक्षा शहाणा होता.

रात्रीचे पंधरा मुहूर्त, त्यांतला चौदावा तो ब्राह्ममुहूर्त. रूढ हिशेबाने तो सूर्योदयाच्या 96 मिनिटे आधी सुरू होतो आणि 48 मिनिटे आधी संपतो. म्हणजे पनवेलमध्ये जूनच्या आरंभी तो साडेचारच्या आत लागतो आणि जानेवारीच्या मध्यावर पावणेसहाच्या आसपास. हा मुहूर्त घड्याळाला बांधलेला नाही, सूर्याला बांधलेला आहे. ऋतूबरोबर तो पुढेमागे सरकतो. कर्नाळ्याच्या रानातल्या पाखरांचेही तसेच. फेब्रुवारीपेक्षा मे महिन्यात त्यांचा गलबला तासभर आधी सुरू होतो.

पनवेलमध्ये बसून ब्राह्ममुहूर्ताविषयी लिहायचे तर श्री धूतपापेश्वरचे नाव ओघानेच येते. 1872 साली याच गावात सुरू झालेला हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना. आसव, अरिष्ट, भस्मे, गुग्गुळ यांच्या बाटल्या-डब्यांवर त्याचे नाव महाराष्ट्रातल्या घराघरांत पोहोचले. या औषधांमागचे शास्त्र ज्या ग्रंथांत आहे त्यांतला एक म्हणजे वाग्भटाचे ‘अष्टांगहृदय’, सातव्या शतकाच्या आसपासचे. त्याच्या सूत्रस्थानातला दुसरा अध्याय आहे दिनचर्येचा, आणि त्याची सुरुवातच ब्राह्ममुहूर्तावर उठण्यापासून होते. लोक हे वाक्य सांगतात, पण त्यातली अट गाळतात. वाग्भटाने हे सांगितले आहे ते निरोगी माणसाला. ‘अष्टांगसंग्रहा’त तर उठताना रात्रीचे अन्न पचले आहे की नाही हे पाहायला सांगितले आहे. रात्री साडेदहाला मिसळपाव किंवा बिर्याणी हाणून पाचला उठणाऱ्याचे पोट या परीक्षेत काय उत्तर देईल ते सांगायला वैद्य लागत नाही. व्यायामाबद्दलही वाग्भटाचा हात आखडता आहे. थंडीत आणि वसंतात बळकट माणसाने अर्ध्या ताकदीपर्यंतच व्यायाम करावा, इतर ऋतूंत त्याहून कमी. मे महिन्यात पनवेलच्या दमट हवेत सकाळी सातला घामाच्या धारा लागेपर्यंत पळणाऱ्यांनी हे एकदा वाचावे.

आता शरीराच्या आतले घड्याळ. दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा मेंदूत एकमेकींना जिथे ओलांडतात, त्याच्या किंचित वर सुमारे 20 हजार पेशींचा एक पुंजका आहे. झोप, शरीराचे तापमान, भूक, संप्रेरके या सगळ्यांची वेळ तो ठरवतो. फळमाशीमधले असे घड्याळ जनुकांच्या पातळीवर कसे चालते हे उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रोझबॅश आणि मायकेल यंग यांना 2017 चे नोबेल मिळाले. माणसाचे हे घड्याळ नेमके 24 तासांचे नाही. हार्वर्डच्या चार्ल्स झायस्लर यांच्या गटाने 1999 मध्ये मोजले तेव्हा ते सरासरी 24 तास 11 मिनिटांचे निघाले. रोज थोडे मागे पडणाऱ्या जुन्या मनगटी घड्याळासारखे ते आहे. कोणीतरी रोज लावून द्यावे लागते. ते लावून देतो सकाळचा उजेड.

आणि तो डोळ्यांतूनच जातो. 2002 मध्ये ब्राउन विद्यापीठातल्या डेव्हिड बर्सन यांनी डोळ्याच्या पडद्यावर वेगळ्याच पेशी दाखवून दिल्या. त्यांचे मुख्य काम चित्र पाहण्याचे नाही. किती उजाडले आहे याची खबर त्या थेट त्या पुंजक्याला देतात. निळसर उजेडाला त्या सगळ्यात जास्त प्रतिसाद देतात. सकाळचे आकाश हा निळसर उजेडाचा सगळ्यात मोठा साठा, आणि रात्री हातातला मोबाइल हा सगळ्यात जवळचा. सकाळी डोळ्यांत उजेड पडला की रात्रीची झोप लवकर येते, आणि रात्री उशिरापर्यंत उजेड पडत राहिला की ती लांबते. नुसत्या गजराने हे घड्याळ पुढेमागे होत नाही. म्हणून दिवा न लावता अंधारात गादीवर बसून ध्यान करणाऱ्याचे मन शांत होत असेल, पण त्या रात्री त्याला दहाला झोप येईल याची खात्री नाही.

घरातल्या आणि बाहेरच्या उजेडात किती अंतर आहे याचा आपल्याला अंदाज नसतो. दिवे लावलेल्या बैठकीच्या खोलीत साधारण 100 ते 300 लक्स उजेड असतो. भर उन्हात तो 1 लाखापर्यंत जातो. आणि जुलैमध्ये ढग अगदी माथेरानच्या डोंगरावर टेकलेले असताना, छत्री घेऊन गच्चीत उभे राहिले तरी तो हजारांतच असतो. पावसाळ्यात ‘आज कुठला आलाय सूर्य’ म्हणून घरात बसणाऱ्यांना हे सांगायला हवे. सूर्य दिसला नाही तरी त्याचा उजेड खोलीतल्या दिव्यांपेक्षा कितीतरी पट जास्त असतो.

केनेथ राइट यांनी 2013 मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोत एक साधा प्रयोग केला. आठ जणांना उन्हाळ्यात आठवडाभर डोंगरात तंबूत राहायला नेले. विजेचा दिवा नाही, टॉर्च नाही, फोन नाही. फक्त सूर्य आणि शेकोटी. आठवड्याअखेर त्यांचे आतले घड्याळ सुमारे दोन तास अलीकडे आले होते, आणि सगळ्यात जास्त सरकले ते रात्री जागण्याची सवय असलेल्यांचे. कोणी त्यांना इच्छाशक्तीचे धडे दिले नव्हते. शिवाय त्यांची सरासरी झोप कमी झालेली नव्हती. उठण्याबरोबर झोपण्याची वेळही मागे आली, हेच त्यातले महत्त्वाचे.

इथे पनवेलकराचा खरा अडथळा सुरू होतो. सीएसएमटीला जाणारी हार्बरची लोकल साधारण 80 मिनिटे घेते. फोर्टमध्ये साडेनऊला पोहोचायचे तर साडेसातच्या आगेमागे गाडीत बसलेले असावे लागते. पनवेलहून गाडी सुटते म्हणून जागा मिळते, एवढाच काय तो दिलासा. संध्याकाळी साडेसहाला सुटलात तरी घरात पाऊल पडते ते साडेआठच्या पुढे. मग जेवण, मुलांच्या वह्या, आईचा फोन, सोसायटीच्या ग्रुपवरचे भांडण. पाठ टेकायला साडेअकरा. या हिशेबात पाचचा गजर बसवला तर झोप उरते साडेपाच तास. प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास झोप हवी, यावर झोपेच्या तज्ज्ञांचे जवळजवळ एकमत आहे. मग उरलेला दीड तास कुठून आणायचा?

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात 2003 मध्ये हान्स व्हॅन डोंगेन आणि डेव्हिड डिंजेस यांनी 48 लोकांवर केलेला अभ्यास वाचला तर या प्रश्नाची थट्टा करावीशी वाटत नाही. दोन आठवडे रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपलेल्यांचे लक्ष आणि स्मरण एक-दोन रात्री सलग जागलेल्या माणसाच्या पातळीवर गेले. वाईट म्हणजे त्यांना स्वतःला ते फारसे जाणवत नव्हते. झोप कमी करून पहाटे ‘स्वतःचा विकास’ साधणारा माणूस बहुतेक वेळा दिवसभर अर्धवट जागा असतो, आणि आपण खूप काही साधतो आहोत अशा समजुतीत असतो. लोकलमध्ये वाशी यायच्या आत डोके शेजारच्याच्या खांद्यावर पडत असेल, तर ती पहाट उधारीची आहे असे खुशाल समजावे.

म्हणून सुरुवात रात्रीपासून. लवकर निजण्या-उठण्याची जी म्हण आपण शाळेत घोकली, तिच्यातही निजणे आधी येते. साबरमतीच्या सत्याग्रह आश्रमात पहाटे चारला उठण्याची घंटा होती, हे सगळ्यांना माहीत असते. रात्री नऊला झोपण्याची घंटाही होती, हे कोणी सांगत नाही. याच आश्रमात राहिलेले विनोबा भावे आपल्या शेजारच्या पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. त्यांच्या पहाटे तीनच्या उठण्याचे कौतुक करताना रात्री ते किती लवकर आडवे होत, याचाही उल्लेख करायला हवा.

पनवेलच्या फ्लॅटमध्ये नऊची घंटा वाजणार नाही, हे मान्य. पण साडेअकराचे साडेदहा करता येतात, आणि तेही एका रात्रीत नाही तर आठवड्याला पंधरा-वीस मिनिटे मागे आणत. संध्याकाळी सहाचा चहा हा यातला छुपा अडसर. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन साठत जाते आणि त्यामुळे झोप दाटून येते. चहा-कॉफीतले कॅफीन त्याचीच वाट अडवते. ते शरीरातून निम्मे व्हायलाच सुमारे पाच तास लागतात. ऑफिस सुटताना घेतलेला कडक कटिंग रात्री अकरालाही अंगात थोडाफार असतो. सकाळच्या चहाबद्दल मात्र माझे काही म्हणणे नाही. उठल्यावर दीड तास चहा घेऊ नका असा सल्ला हल्ली फिरत असतो. त्याला भक्कम आधार नाही, आणि पनवेलमधल्या कुठल्याही सासूबाईंना तो पटवून देण्याची माझी हिंमत नाही.

सासूबाईंवरून सुनेची आठवण होते. साडेसातच्या लोकलला डबा लागतो, म्हणजे घरातले कोणीतरी पाचच्या आधीच ओट्यापाशी उभे असते, आणि ती बहुतेक घरांत बाईच असते. पहाटे उठण्यावरची पुस्तके तिच्यासाठी लिहिलेली नाहीत. ती त्या क्लबात वर्षानुवर्षे आहे, फक्त तिथे तिच्या वाट्याला कणिक आणि भाजी येते. घरातल्या पुरुषाने पाचला उठून दोरीवरच्या उड्या माराव्यात आणि बाहेर येऊन चहा मागावा, ही काही प्रगती नव्हे. भाजी रात्री निवडून-चिरून ठेवली, पोळ्यांचे काम वाटून घेतले, डबे त्याने भरले, तर तिलाही तलावाला एक फेरी मारायला वीस मिनिटे मिळतात. सकाळच्या नियोजनातली ही सगळ्यात अवघड बाब आहे, आणि कुठल्याच यादीत ती नसते.

तलाव म्हणजे वडाळे. सकाळी साडेसहाला तिथे गेलात तर पनवेलची पहाट कशी असते ते समजते. निवृत्त मंडळींचा एक घोळका बँकांच्या व्याजदरावर बोलत झपझप पुढे जातो. साडीवर स्पोर्ट्स शूज घातलेल्या तिघी-चौघी मागून येतात. त्यांच्या मोबाइलवर हरिपाठ चालू असतो आणि त्यावरून गप्पाही. बाकावर एक जण नाकपुडी दाबून अनुलोम-विलोम करतो, त्याच्या शेजारचा तेवढ्यात शेअर बाजाराचे ॲप उघडतो. दुधी-कारल्याचा रस विकणाऱ्याजवळ तोंड वाकडे करून पेला रिकामा करणारे असतात. कुठून तरी हास्यक्लबचा ‘हो हो, हा हा’ ऐकू येतो. ही पद्धत डॉ. मदन कटारिया यांनी 13 मार्च 1995 रोजी अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या एका बागेत पाच जणांना घेऊन सुरू केली, आणि ती पुढे जगभर गेली. बघणाऱ्याला हे सगळे थोडे हास्यास्पद वाटते. पण बारकाईने पाहिले तर इथे उजेड आहे, चालणे आहे, ओळखीची माणसे आहेत, आणि ठरलेली वेळ आहे. पहाटेच्या एकाही पुस्तकाने याहून जास्त काही सांगितलेले नाही.

ओळखीच्या माणसांची गोष्ट विशेष महत्त्वाची. पनवेल तालुक्यातल्या गावांमध्ये कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत देवळात काकडा असतो. महिनाभर रोज पहाटे टाळ-मृदंग, भजन, आरती, प्रसाद. एरवी साताच्या आत डोळे न उघडणारे तरुणही आंघोळ करून हजर असतात, कारण न गेल्यास सकाळी नाक्यावर ‘काल दिसला नाहीस’ असे विचारणारे चौघे असतात. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला अख्खा महाराष्ट्र काळोखात उठतो, त्यालाही कोणाची प्रेरणादायी भाषणे लागत नाहीत; उटण्याची वाटी, तेलाचे बोट आणि ‘ऊठ, नाहीतर नरकात जाशील’ ही आजीची धमकी पुरते. जे काम चारचौघांत होते ते टिकते.

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांना हे नेमके कळले होते. तरुणपणी त्यांनी युजेन सँडो या पाश्चात्त्य पहिलवानाच्या पद्धतीने व्यायाम करून पाहिला होता. 1908 च्या सुमारास ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि पुढे आयुष्यभर त्यालाच चिकटून राहिले. स्वतः करून ते थांबले नाहीत. घरातल्यांना लावले, संस्थानातल्या शाळांमधून मुलामुलींना लावले, पुस्तके लिहिली. 1938 मध्ये तर त्यांच्या पद्धतीवर लंडनहून इंग्रजी पुस्तकही निघाले. हा प्रसार इतका जोरात होता की आचार्य अत्र्यांना 1933 मध्ये ‘साष्टांग नमस्कार’ नाटकात त्याची टर उडवावीशी वाटली. टर उडवली गेली तरी कल्पना टिकली, कारण ती सोपी होती. पूर्वेकडे तोंड, उगवत्या सूर्याचा उजेड, श्वास, मंत्र आणि सगळ्या सांध्यांची हालचाल, हे सारे सतरंजीएवढ्या जागेत. आजच्या वन बीएचकेमध्येही एवढी जागा निघते. फक्त पूर्वेची खिडकी कोणती ते पाहून ठेवा.

सवय लागायला किती दिवस लागतात याचे लोकप्रिय उत्तर 21 आहे. ते चुकीचे आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लाली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांना रोज एक नवी गोष्ट करायला लावून 2009 मध्ये जो निष्कर्ष मांडला, त्यात सरासरी निघाली 66 दिवस. पण सरासरीपेक्षा तिची व्याप्ती बोलकी आहे: कोणाला 18 दिवस पुरले, तर कोणाला 254 लागतील असा अंदाज आला. पाण्याचा पेला पिण्यासारखी सोपी सवय लवकर लागली, व्यायामाची उशिरा. आणि मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे काही बिघडले नाही. गौरी-गणपतीत पाच दिवस पहाट बुडाली म्हणून पुढचे सगळे सोडून देणाऱ्यांना हा निष्कर्ष मला वाचून दाखवावासा वाटतो.

सवय धरते ती आधीच्या एखाद्या पक्क्या गोष्टीला टेकून. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले की ‘मी रोज चालणार’ या संकल्पापेक्षा ‘दात घासून झाले की बूट घालून खाली उतरणार’ हे ठरवणे जास्त उपयोगी पडते. झोपेतून उठल्यावर पहिली पंधरा ते तीस मिनिटे, काहींच्या बाबतीत तासभर, मेंदू गुंगीतच असतो. त्या वेळी निर्णय घ्यायची वेळ स्वतःवर आणू नये. कोणते कपडे घालू, आज योग करू की चालू, या प्रश्नांची उत्तरे रात्रीच देऊन ठेवावीत: कपडे खुर्चीवर, बूट दाराशी, पाण्याचा तांब्या ओट्यावर आणि फोन दुसऱ्या खोलीत. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या अकराव्या दशकात सकाळी उठल्यावर काही पाठांतर करायला सांगितले आहे. सल्ला चांगला आहे. मात्र गुंगी उतरेपर्यंत चालून घ्यावे आणि मग वाचायला बसावे, असे मी त्यात सुचवीन. वाचन, लेखन, रियाज, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास, जे काही ‘वाढीचे’ म्हणून करायचे असेल त्यातले एकच घ्या. एका तासात ध्यान, डायरी, व्यायाम, वाचन आणि कृतज्ञतेची यादी कोंबणाऱ्यांची सकाळ आठच्या लोकलच्या डब्यासारखी होते.

हे सगळे वाचून ज्यांना अपराधी वाटत असेल, त्यांच्यासाठी एक गोष्ट राहिलीच. माणसांची आतली घड्याळे सारखी नसतात. टिल रॉनेबर्ग या जर्मन संशोधकाने लाखो लोकांच्या झोपेच्या वेळा गोळा केल्या. त्यात पहाटेची माणसे, रात्रीची माणसे आणि मधली मोठी गर्दी असे सगळे दिसले. यात आनुवंशिकतेचा भाग मोठा आहे, वयाचाही. पौगंडावस्थेत घड्याळ पुढे सरकते, म्हणजे दहावी-बारावीचे पोर रात्री साडेअकरापर्यंत टक्क जागे असते आणि सकाळी उठता उठत नाही. तो सगळा आळस नसतो. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्ये मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत असे सांगितले. महाराष्ट्रात तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपेचा मुद्दा काढल्यानंतर फेब्रुवारी 2024 मध्ये शालेय शिक्षण विभागाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला. चांगले झाले. पण ज्यांचे घड्याळ निसर्गतःच उशिराचे असते, ती आठवी ते बारावीची मुले मात्र सातच्या क्लासला जातातच.

आणि ज्यांची रात्रच कामाची असते त्यांचे काय? तळोज्याची एमआयडीसी, कळंबोलीचा पोलाद बाजार, न्हावाशेवा बंदर, आता विमानतळ. पनवेलभोवती रात्रपाळी करणाऱ्यांची संख्या थोडी नाही. सकाळी सातला सुटणाऱ्या माणसाला ‘उगवत्या सूर्याकडे पाहा’ असे सांगणे म्हणजे त्याची झोप मारणे. त्याने उलट करायचे. घरी येताना गडद चष्मा घालावा, पण स्वतः गाडी चालवत नसेल तरच. डोळे मिटत असताना सायन-पनवेल रस्त्यावर बाइक काढण्यापेक्षा रिक्षा किंवा कंपनीची बस बरी. खोलीला जाड पडदे लावावेत, फोन बंद ठेवावा, आणि शक्यतो रोज त्याच वेळी झोपावे. वाग्भट इथेही कामाला येतो. रात्री जेवढे जागरण झाले त्याच्या निम्मा वेळ सकाळी, न जेवता झोपावे, असे त्याने सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात सांगून ठेवले आहे. पहाटे उठायला सांगणाऱ्या त्याच ग्रंथातली ही सवलत आहे. निम्म्याने भागणार नाही हे आजचे संशोधन सांगते, पण झोपणाऱ्याला आळशी न ठरवण्याएवढे शहाणपण त्यात होते. घरच्यांनी आपल्या बाजूने दूधवाला, कुरिअर आणि मिक्सर यांच्या वेळा दुपारनंतरच्या करून घ्याव्यात आणि दाराच्या बेलची वायर तेवढ्यापुरती काढून ठेवावी.